रात्रभर पोट रिकामं, तरी सकाळी साखर १७० का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातून एका शेतकरी भावाचं पत्र आलं आहे. वय ५२, मधुमेहाला सहा वर्षं झाली. ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन ५०० एसआर अशी एकत्र गोळी ते सकाळी ७ ला आणि रात्री ९ ला घेतात. दोन महिन्यांपासून त्यांनी दोनदाच जेवायचं ठरवलं आहे: दुपारी १ ला आणि रात्री ९ ला. वजन ४ किलो उतरलं, तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी, म्हणजे एचबीएवनसी, ७.४ आली. पण सकाळची उपाशीपोटीची साखर, जी आधी १४० च्या आसपास असायची, ती आता १६२, १७१, १५८, १७५ अशी येते. दुपारी जेवणाआधी मात्र ११२. ते लिहितात, "रातभर पोटात काहीच नसते, मंग हे साखर येते कुठून? सोळा तासांचा उपास वीस तासांचा करू का?" पत्राच्या शेवटी त्यांनी सहज म्हणून टाकलं आहे की सकाळी अकराच्या सुमारास वावरात कधीकधी हात थरथरतात, घाम सुटतो, मग सावलीत बसावं लागतं. उन्हामुळे होत असावं, असं त्यांना वाटतं.

भाऊ, उपास वाढवू नका. आणि तुमच्या प्रश्नाआधी त्या शेवटच्या ओळीचं बोलू, कारण सकाळच्या १७० पेक्षा ती जास्त काळजीची आहे.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. पोटात अन्न आहे की नाही, हे तिला कळत नाही. घेतल्यावर दोन-तीन तासांत तिचं रक्तातलं प्रमाण सर्वांत वर जातं आणि परिणाम दिवसभर राहतो. तुम्ही ती सातला चहावर घेता, आठला वावरात जाता, निंदण-डवरणीचं कष्टाचं काम करता आणि जेवता एक वाजता. म्हणजे गोळीचा जोर आणि कामाचा जोर एकाच वेळी, आणि पोटात फक्त चहातली साखर. अकराला हात थरथरणं, घाम सुटणं हे साखर उतरल्याचं लक्षण असण्याची शक्यता दाट आहे. पुढच्या वेळी असं झालं की तिथेच मीटरवर पाहा. ७० च्या खाली असेल, किंवा मीटर जवळ नसेल, तर वाट न बघता चहाचे तीन चमचे साखर (साधारण १५ ग्रॅम) पाण्यात विरघळवून प्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच घ्या, आणि सावरल्यावर भाकर खा. पेढा किंवा बिस्कीट त्या वेळी नको, त्यातल्या तुपा-तेलामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. साखरेची पुडी खिशात असू द्या. आणि या गोळीमुळे उतरलेली साखर काही तासांनी परत उतरू शकते, म्हणून त्या दिवशी एकटं काम करू नका, विहिरीच्या काठावर तर मुळीच नाही. कोणी बेशुद्ध पडलं असेल तर तोंडात काही घालायचं नाही, एका कुशीवर वळवून १०८ ला फोन करायचा.

तेव्हा उद्यापासूनच सकाळची गोळी जेवणासोबत. गोळीची वेळ पुढे ढकलण्यापेक्षा जेवण गोळीजवळ आणा. वावरात जायच्या आधी, सात-साडेसातला, भाकर-चून (पिठलं) किंवा भाकर आणि दोन उकडलेली अंडी खा आणि मग निघा. गोळी स्वतःहून बंद करू नका, अर्धीही करू नका. एसआर गोळी तशीही तोडायची किंवा चावायची नसते, ती पोटात हळूहळू सुटेल अशी बनवलेली असते.

आता साखर कुठून येते ते. ती तुमच्याच यकृतातून येते. जेवणानंतर यकृत साखरेचा साठा करून ठेवतं, साधारण १०० ग्रॅमच्या आसपास, आणि पोट रिकामं असताना ती थोडी थोडी रक्तात सोडतं. मेंदूला रात्रीही साखर लागते, म्हणून ही सोय आहे. सत्तर किलोच्या माणसात हे प्रमाण तासाला साधारण ८ ग्रॅम असतं. त्याच वेळी सगळ्या रक्तात मिळून साखर असते जेमतेम चमचाभर, ५ ग्रॅमच्या आसपास. त्यामुळे यकृताने जरा सैल हाताने साखर सोडली तरी मीटरवरचा आकडा लगेच उडी मारतो.

पहाटे तीन ते आठच्या दरम्यान शरीर उठण्याची तयारी करतं. कॉर्टिसॉल, ग्रोथ हार्मोन, ग्लुकॅगॉन यांचा जोर वाढतो आणि यकृताला साखर सोडायचा इशारा मिळतो. मधुमेह नसलेल्या माणसात स्वादुपिंड त्याच वेळी थोडं इन्शुलिन जास्त सोडून हे सांभाळून घेतं. मधुमेहात ते जमत नाही, आकडा वर जातो. डॉक्टर याला डॉन फेनॉमेनन म्हणतात. साठा कमी झाला तर उपास करणाऱ्याचं यकृत प्रथिनांचे घटक, लॅक्टेट आणि चरबीतलं ग्लिसरॉल यांपासून नवी साखर बनवतं. म्हणून सोळाचे वीस तास केल्याने सकाळचा आकडा खाली येईल, हा हिशेब जुळत नाही. वीस तासांच्या उपासात गोळीमुळे साखर उतरण्याचे तास मात्र वाढतात.

पण तुमच्या बाबतीत सगळा दोष पहाटेच्या हार्मोनवर टाकता येत नाही. तुम्ही रात्रीचं जेवण लिहिलं आहे: तीन भाकरी, वरण, वाटीभर भात, कारण दिवसात एकदाच काय ते खाल्लेलं असतं. एका भाकरीला ६० ग्रॅम पीठ धरलं तर त्यात ४० ग्रॅमच्या वर पिष्ट असतं. तीन भाकरी आणि भात मिळून दीडशे ग्रॅमच्या पुढे जातं, तेही रात्री नऊला. संध्याकाळनंतर इन्शुलिनचा असर दिवसापेक्षा कमी होतो. सकाळी जी भाकर साखर थोडी वाढवते, तीच रात्री जास्त वाढवते. रविवारी तर्रीदार रस्सा असला की तेलामुळे जेवण पोटात रेंगाळतं, आणि झोपताना बरी दिसलेली साखर मध्यरात्रीनंतर चढते.

यातलं नेमकं कोणतं कारण तुमचं आहे, हे तीन रात्री तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. नऊ पट्ट्या लागतील. त्या या एका कामासाठी खर्च करा, रोज सकाळी एक खर्च करून जीव घाबरवण्यापेक्षा. दोन रात्री घरी झोपायच्या आणि एक ओलिताची, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जागायची, निवडा. प्रत्येक रात्री तीन वेळा पाहायचं: झोपताना (जेवणाला दोन तास उलटल्यावर), पहाटे तीनला गजर लावून, आणि उठल्याबरोबर चहाच्या आधी. आकड्यांसोबत रात्री काय आणि किती वाजता खाल्लं, तेही वहीत लिहा.

झोपताना १३० च्या आसपास, तीनलाही तेवढीच आणि सकाळी १६५ असेल, तर ती पहाटेची चढ. झोपतानाच २०० च्या वर आणि सकाळपर्यंत हळूहळू १७० वर उतरत असेल, तर ते रात्रीचं जेवण अजून निस्तरतंय. तुमच्या पत्रावरून आम्हाला हीच शक्यता जास्त वाटते, कदाचित दोन्हींची भर. झोपल्यापासून सकाळपर्यंत एकसारखी चढत असेल, तर औषध रात्रभर पुरत नाही. आणि तीनला ७० च्या खाली दिसली, तर आधी वर सांगितल्याप्रमाणे साखर घ्या, आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, सकाळचा आकडा कितीही असो. रात्री साखर उतरली की शरीर उलट उसळी मारून सकाळी ती वाढवतं, असं सांगितलं जातं. ते नेहमी तसंच होतं का, यावर डॉक्टरांमध्ये मतभेद आहेत. पण झोपेत ७० च्या खाली जाणं हेच मुळात धोक्याचं आहे, आणि त्यावर उपाय गोळी कमी करणं हा असू शकतो. सकाळच्या १७० कडे बघून कोणी तुमची रात्रीची गोळी वाढवली आणि तुम्ही तीनला ६० वर असाल, तर काय होईल याचा विचार करा.

मीटरबद्दल दोन गोष्टी. चांगल्या मीटरलाही १०० च्या वरच्या आकड्यात १५ टक्के इकडेतिकडे होण्याची मुभा मानकात दिलेली आहे. म्हणून १५८ आणि १७५ यात फरक आहे असं धरू नका. आणि बोट साबणाने धुऊन कोरडं करून मगच टोचा. संत्रं सोललेल्या किंवा गूळ हाताळलेल्या बोटावर रक्त बरं असूनही आकडा भलताच वर येतो. पट्ट्यांची डबी उन्हाळ्यात सांभाळा. बहुतेक पट्ट्या ३० अंशांखाली ठेवायच्या असतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात टिनाखालच्या खोलीत त्या नुसत्या तापतात. गाडीच्या डिक्कीत कधीच नाही. इन्शुलिन माठात ठेवतात तशा पट्ट्या मात्र माठाशेजारी ठेवू नका, त्यांना ओल चालत नाही. घरातली आतली, थंड, कोरडी जागा पाहा आणि झाकण लगेच घट्ट लावा.

तीन रात्रींचे आकडे येईपर्यंत थांबायची गरज नाही असा एक बदल आहे: उपासाची वेळ सकाळकडून रात्रीकडे सरकवा. दोनदा जेवण्याची पद्धत आपल्या भागाला नवी नाही. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार ती सांगत, पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी ती महाराष्ट्रभर नेली. तिने तुमचं वजन उतरलं आहे, आणि वजन उतरल्याचा फायदा खरा आहे. अडचण आहे ती वेळेची. सकाळचं सोडून रात्री भरपूर खाणं हा दोनदा जेवण्याचा सर्वांत वाईट प्रकार, त्यातही साखर उतरवणारी गोळी चालू असताना. सकाळी साडेसातला पहिलं आणि संध्याकाळी सहा-साडेसहाला शेवटचं जेवण (रात्रीची गोळीही त्याच्यासोबत) ठेवलं, तर रात्रीचा उपास तेरा तासांचा होतो. कष्टाच्या माणसाला एवढा पुरे. मधे दुपारी साडेबारा-एकला शिदोरी खायची. ही गोळी चालू असताना आणि अंगमेहनतीचं काम असताना आम्ही तुम्हाला दोनच जेवणं सुचवणार नाही.

एकूण खाणं कमी करायचं नाही, फक्त जागा बदलायची. रात्रीच्या तीन भाकरींतली दीड सकाळी खा. रात्री दीड भाकर पुरे, भात नको. भात दुपारी खा, एका वेळी ५० ग्रॅम कच्च्या तांदळाचा, म्हणजे शिजवून वाटीभर. रात्री आधी भाजी आणि काकडी-मुळा-कांदा, मग घट्ट वरण किंवा चून, आणि भाकर शेवटी. हा क्रम पाळला तरी जेवणानंतरची साखर कमी चढते. पातळ वरणाने पोट भरत नाही आणि मग भाकर जास्त जाते, म्हणून माणशी ४० ग्रॅम डाळ धरून वरण घट्ट करायला सांगा. अंबाडी, पालक, वांगं, गवार जे असेल ते भरपूर, सोबत जवसाची चटणी. आलू मात्र भाजी म्हणून मोजू नका, तो भाताच्या रांगेतला. जेवून अर्ध्या तासाच्या आत पंधरा मिनिटं चाला, गावातल्या देवळापर्यंत जाऊन आलात तरी चालेल. अंथरुणावर पडायला जेवणानंतर निदान अडीच-तीन तास जाऊ द्या.

ओलिताच्या रात्रींचं वेगळं. पंपाची लाइन (वीज) रात्री दहाला येते आणि हरभऱ्याला पाणी द्यायला तुम्ही दोन-तीनपर्यंत जागता, असं लिहिलं आहे. एका रात्रीची अपुरी झोपही दुसऱ्या दिवशी इन्शुलिनचा असर कमी करते, तेव्हा त्या सकाळी आकडा वर आला तर तो जेवणाचा दोष समजू नका आणि त्यावरून औषध ठरवू नका. जेवण त्या दिवशीही साडेसहालाच, आणि रात्रीची गोळी त्या जेवणासोबत. वावरात निघताना साखर पाहा. १०० च्या खाली असेल तर अर्धी भाकर आणि मूठभर फुटाणे खाऊन निघा. १०० च्या वर असेल तर भूक नसताना वावरात काही खाऊ नका, थर्मासमधला गोड चहा आणि टोस्टही नको. भूक लागलीच तर फुटाणे किंवा शेंगदाणे. परत आल्यावर झोप पुरी करा, दुपारी तासभर तरी.

चहाचं आधी यायला हवं होतं. सकाळी सातला, वावरात दहाला, चारला आणि पाहुणा आला की अजून एक. दोन चमच्यांचा एक कप म्हणजे १० ग्रॅम साखर, चार कपांचे ४० ग्रॅम. गुळाचा केला तरी हिशेब तोच राहतो. उपासाच्या तासांत कोरा, फिका चहा चालतो, दूध-साखरेचा नाही. एकदम फिका जात नसेल तर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा. सणावाराच्या उपासाला साबुदाण्याची उसळ असते, तिने साखर भाकरीपेक्षा वेगाने चढते. त्या दिवशी शेंगदाणे, ताक, काकडी यांवर जोर द्या आणि भगर खायचीच तर अर्धी वाटी. त्या दिवशीच्या गोळीचं डॉक्टरांना आधी विचारून ठेवा.

वही भरली की ती घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जा. तीन गोष्टी नेमक्या विचारा. ग्लिमेपिराइडचा डोस या जेवणाच्या वेळांना जास्त आहे का, विशेषतः रात्रीचा? सकाळची साखर यकृतातून येत असेल तर मेटफॉर्मिनचा रात्रीचा डोस वाढवता येईल का? (मेटफॉर्मिन यकृताचाच हात आखडतं आणि एकटं असताना साखर फारशी उतरवत नाही. मात्र त्याआधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, झालेली हवी.) आणि ग्लिमेपिराइडऐवजी साखर एकदम न उतरवणारी दुसरी गोळी मला चालेल का? सहा वर्षं मेटफॉर्मिन घेताय, तेव्हा पायाला मुंग्या येत असतील तर बी-१२ चंही विचारा.

डॉक्टरांनी डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन सुरू केली, तर उपास करता हे त्यांना आवर्जून सांगा. या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर काढतात. लांबलेला उपास, उन्हातलं काम आणि कमी पाणी असं जुळून आलं, तर रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) साचून माणूस अत्यवस्थ होऊ शकतो, आणि त्या वेळी मीटरवर साखर फार वाढलेली नसते, त्यामुळे फसायला होतं. मळमळ, उलट्या, पोटात दुखणं, धाप लागणं असं काही दिसलं तर थेट रुग्णालय. हे वाचणाऱ्या इतरांसाठी: इन्शुलिन घेणारे, गरोदर बाया, किडनीचा आजार असलेले, वारंवार साखर उतरणारे आणि अंगाने आधीच रोड झालेले म्हातारे यांनी भाऊंचं पाहून उपास सुरू करू नये.

साधारणपणे उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत, हे लक्ष्य धरतात. सकाळचा आकडा सर्वांत शेवटी वाकतो. जेवणाची वेळ बदलल्यावर दोन-तीन आठवडे द्या, मग पुन्हा तीन रात्री तपासा. १६५ चे १४० झाले तरी दिशा बरोबर आहे. सकाळची साखर तीन दिवस सतत २०० च्या वर राहिली, किंवा कधीही ३०० च्या वर जाऊन उलट्या होत असतील, तर आठवडे मोजत बसू नका.

एक तपासणी मात्र विदर्भात डोळे झाकून मानू नये, ती एचबीएवनसी. ७ म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साधारण १५४ असं गणित असतं, पण ते रक्तपेशी नेहमीसारख्या जगतात असं धरून केलेलं. आपल्या भागात सिकलसेल हा रक्तपेशींचा आनुवंशिक आजार बऱ्याच घरांत आहे, आणि तो आजार किंवा नुसता वाहकपणा असला तरी हा आकडा चुकू शकतो. रक्त बरंच कमी असेल तरीही तेच. घरात कोणाला सिकल असेल, किंवा तुमच्या वहीतले आकडे आणि ७.४ यांचा मेळ बसत नसेल, तर सिकलची तपासणी करून घ्या, आणि सिकल निघाला तर औषध वहीतल्या आकड्यांवरून ठरवायला डॉक्टरांना सांगा.